मुकं मशीन

"मुकं मशीन घरात आणू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मुकं जनावर निदान डोळ्यांनी सांगतं. मुकं यंत्र काय सांगणार?"

मी तेव्हा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ढबूला भरवत होते. ढबू म्हणजे माझी मुलगी, वय दहा महिने; गाल पाहिलेत तर नावाचं कारण विचारणार नाही. खाली कारखान्यात (तळमजल्याच्या त्या एका लांबट खोलीला आम्ही कारखानाच म्हणतो) सासूबाई बॉबिनीवर दोरा भरत होत्या. "आई, यंत्राला काय बोलायचंय? टाके घातले म्हणजे झालं," मी म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. ते हसू आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

जुन्या मशीनला घरात सगळे आत्याबाई म्हणत. बटण दाबलं की टेबलाखालची मोटर जी पुटपुटायला लागे, ती बटण बंद होईपर्यंत. शिवण चालू असो वा नसो. कुणी ऐको न ऐको, बोलत राहायचं, म्हणून आत्याबाई. सासऱ्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी त्याच पुटपुटीला साथ देत ताडपत्र्या शिवल्या, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली, पोरांची दप्तरं शिवली. पण आत्याबाईंचा हात आखूड. मोठी ताडपत्री त्याखालून सरकवायची म्हणजे हत्तीला खिडकीतून घरात घ्यायचं. त्यात सुटे भाग मिळेनासे झाले होते. गेल्या वेळी आकडा तुटला तेव्हा माझ्या नणंदेनं, म्हणजे ताईनं, भंगारात अर्धा दिवस बसून दुसरा शोधून आणला होता. काम आलेलं परत जायला लागलं तेव्हा नवं घ्यायचं ठरलं, आणि ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी घरातली शिकलेली सून. शिवाय मला काळजी करण्याचा छंद आहे, असं माझा नवरा म्हणतो. तो जहाजावर असतो; त्याला म्हणायला काय जातं?

जवळपासच्या दुकानांत लांब हाताचं मशीन नव्हतंच. मी चाळीस व्हिडिओ पाहिले, वहीत सतरा प्रश्न लिहिले आणि दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका डीलरला फोन लावला. त्या गृहस्थांचं सगळ्याला एकच उत्तर होतं. जाड कापड ओढेल का? होऊन जाईल. टेबलासकट पाठवाल का? होऊन जाईल. जुनं मशीन त्याच गाडीनं परत न्याल का? तेही होऊन जाईल. घरात त्यांचं नाव 'होऊन जाईल शेठ' पडलं. अडले ते एकाच ठिकाणी.

"मोटर कुठली देऊ? आवाजाची की बिनआवाजाची? नवी पायडल दाबलं तरच फिरते. शेजारच्या खोलीत कळणारसुद्धा नाही."

"बिनआवाजाची," मी पापणी लवायच्या आत म्हणाले. "घरात तान्हं बाळ आहे."

"मास्तरांना विचारलंत?"

"त्यांना काय, टाके पडले म्हणजे झालं."

दुसऱ्यांदा तेच. माणूस एकच चूक दोनदा करतो तेव्हा ती त्याला स्वतःचं मत वाटायला लागते.

गाडी आली ती सकाळी दहाला. गल्लीत वळेना, म्हणून ड्रायव्हरनं ती नाक्यावर लावली आणि चौघांनी मिळून लाकडी खोका दारापर्यंत आणला. धाकटे दीर त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आले होते. आमचे भाऊजी विमा कंपनीत. त्यांना जिना दिसला की आधी त्यावरून घसरणारा माणूस दिसतो. गेलं वर्षभर त्यांचं एकच टुमणं होतं: कारखाना बंद करा, तळमजला भाड्यानं द्या, बाबांना आराम द्या. त्यामुळे नव्या मशीनच्या बाजूनं मी आणि ताई, विरोधात भाऊजी, आणि कुणाच्याच बाजूला नसलेल्या सासूबाई, अशी आमची वाटणी होती. पण त्या सकाळी भाऊजी अचानक आमच्या बाजूला आले.

"आत्याबाई आजच जाणार ना?" त्यांनी तीनदा विचारलं.

"जाणार रे बाबा," ताई खोक्याचे खिळे उपटत म्हणाली. "तुला एवढी घाई का? तुझी सासू आहे का ती?"

"नाही, पण ती गेली की निम्मा कारखाना तरी गेला."

"आणि हे आलं ते?"

"हे अजून नवीन आहे. नव्याची कुणाला सवय नसते. सवय नसलेली गोष्ट विकायला सोपी."

"ऐकलंस का वहिनी? खोका उघडायच्या आत गिऱ्हाईक शोधायला लागला."

सासरे बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांनी सणावाराला घालावा तसा पांढरा शर्ट घातला होता, लांब बाह्यांचा, मनगटाशी गुंडी लावलेला. इतक्या वर्षांनी नवं मशीन घरात येत होतं, त्याचा मान. मी त्यांच्याकडे बघून हसले. ते हसले नाहीत. मला वाटलं, आत्याबाईंचं वाईट वाटतंय. वाटणारच.

ताईनं तासाभरात मशीन उभं केलं. तिला यंत्राचं वेड आहे. तिनं लग्न मोडून परत आल्यावर पहिल्या दिवशी रडण्याऐवजी आत्याबाईंचं तेल बदललं होतं, हे घरात कौतुकानं सांगतात. नवं टेबल मोठं, गुळगुळीत. तिनं कात्री, खडू, टेप, सुयांची डबी नीट डाव्या बाजूला मांडून ठेवली, मोकळी जागा उजवीकडे राहावी म्हणून. तोवर आत्याबाईंना दोराने बांधून उंबऱ्यापर्यंत सरकवलं होतं. घर सकाळपासून गप्प होतं. इतकं गप्प, की वरच्या नळाचं थेंब थेंब गळणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"बसा बाबा," ताई म्हणाली. "बोहनी तुमच्या हातची."

सासरे बसले. बटण दाबलं. वाट पाहिली.

"लाइट नाहीये का?"

"आहे की. चालू झालंय."

"चालू झालंय?"

"बाबा, हिरवा दिवा लागलाय बघा ना."

"हां, हां. लागलाय."

दिवा उजव्या कोपऱ्यात होता. त्यांनी मान तिकडे वळवली नव्हती. हे मी पाहिलं, आणि पाहूनही मला काही दिसलं नाही.

त्यांनी ताडपत्रीचे दोन तुकडे एकावर एक धरून मशीनच्या पायाखाली सरकवले आणि सवयीनं उजवा हात कात्रीसाठी टाकला. हात रिकाम्या टेबलावर पडला. एक वीतभर पुढे गेला, मागे आला. मग जणू टेबलच चाचपून बघायचं होतं अशा थाटात त्यांनी त्यावरून तळवा फिरवला. "गुळगुळीत आहे," म्हणाले.

मग त्यांनी पायडलवर पाय ठेवला. आत्याबाईंवर ते नेहमी तसाच ठेवत. पाय नुसता टेकवून बसत, मोटरचा सूर ऐकत, आणि सूर लागला की दाबत. पण हे यंत्र टेकवलेल्या पायाचीच वाट बघत होतं. सुई सुटली ती सरळ टोकापर्यंत. आवाज म्हणाल तर पान चाळल्याएवढा. सासऱ्यांनी दचकून हात मागे घेतला. तो आला नाही. त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा कफ ताडपत्रीला शिवला गेला होता, सात-आठ टाके, एका ओळीत, अगदी देखणे.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग ड्रायव्हर, जो दारात चहा पीत उभा होता, तो म्हणाला, "मास्तर, स्वतःलाच गिऱ्हाईक केलंत की!" आणि सगळे फुटले. ताई टेबलाला धरून हसली. भाऊजी हसले. मी हसले. सासरे सगळ्यांत मोठ्यानं हसले. "पहिला नग माझाच," म्हणाले, "धुऊन द्या, इस्त्री करून द्या!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्या उसवायची पट्टी घेऊन आल्या, त्यांच्या पायाशी बसल्या आणि एकेक टाका कापायला लागल्या. कापताना त्यांनी सासऱ्यांची बोटं एकेक करून मोजल्यासारखी दाबून पाहिली. पाचही. मग मान वर न करता माझ्याकडे पाहिलं. आणि त्याच वेळी वर ढबू रडायला लागली.

ते रडणं नेहमीचं नव्हतं. भूक लागली की ती आधी कुरकुरते. हे थेट टाहो होतं. मी वर धावले. दूध पाजलं, थोपटलं, खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घातल्या. शांतता कशी कापसासारखी पसरली होती. मी तिच्यासाठीच तर ही शांतता दोन दिवसांच्या अंतरावरून मागवली होती. ती त्या शांततेकडे बघून रडत होती.

"तिला झोप येतेय, पण झोपायचं कुठे ते कळत नाहीये," दारातून सासूबाई म्हणाल्या. "पोटात होती तेव्हापासून आत्याबाईंच्या डोक्यावर निजलीये ती."

त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या घरात दार लावून कुणी बोलत नाही.

"आई, बाबांना..."

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं सांभाळा. मधलं दिसतं त्यांना, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं गेलं. हात सुईकडे कुठून येतोय ते दिसत नाही."

"पण माल घ्यायला म्हणून तुम्ही दोघं महिन्यातून एकदा..."

"माल कसला? डोळे दाखवायला."

"आणि फ्रीजमधले डोळ्यांचे थेंब? ते तर तुमचे."

"नाव माझं लिहिलंय."

मी पलंगावर बसले. या घरात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला एकच नियम सांगितला होता: वस्तू जिथली तिथे. मीठ, चपला, कात्री, स्टूल. एकदा मी स्टूल हातभर सरकवलं तर सासूबाईंनी चार दिवस ऐकवलं होतं. मी आईला फोन करून म्हणाले होते, सासू जरा करडी आहे. पुढे नियम आणखी कडक झाला, तेव्हाही माझं मत तेच राहिलं. चाळीस व्हिडिओ आणि सतरा प्रश्न! आणि शेजारी बसलेल्या माणसाबद्दल एक प्रश्न नाही.

"मग ते शिवतात कसे?"

"कानानं. कापड जाड झालं की मोटर खाली उतरते, दुपदरी आलं, चौपदरी आलं, सगळं सांगते ती. सुई बोथट झाली तर सांगते. बॉबिन संपत आली की पोकळ वाजते. मी तुला म्हटलं होतं."

"तुम्ही मुकं म्हणालात, आई. आंधळं म्हणाला नाहीत."

"शपथ घातलीये मला. जेवढं शपथेत बसत होतं तेवढं बोलले."

खाली ड्रायव्हरनं गाडीकडे जायची घाई केली. आत्याबाईंना उचलायला माणसं आली होती. सासूबाई खिडकीशी गेल्या, परत आल्या. पुढचं त्या मला फार सावकाश म्हणाल्या. "मी बोलले तर धाकटा आजच्या आज कारखाना बंद करेल. नाही बोलले तर उद्या कफाच्या जागी बोट असेल. आणि हे? हे मरतील पण सांगणार नाहीत. चाळीस वर्षं मास्तर म्हणवून घेतलंय."

सासऱ्यांना त्या वेळी काय वाटत होतं, ते त्यांनी मला पुढे एकदाच सांगितलं. ते म्हणाले, नव्या मशीनसमोर बसलो आणि कुणीतरी खोलीतला दिवा मालवला. एवढंच. आणि ते उंबऱ्याकडे तोंड करून बसून राहिले होते, कारण दोर आवळल्याचा आवाज तिकडून येत होता.

मी रडणाऱ्या ढबूला तशीच कडेवर घेतलं आणि खाली गेले. काय बोलायचं ते जिन्यावर ठरलेलं नव्हतं. चौथ्या पायरीवर ठरलं.

"आत्याबाई जाणार नाहीत," मी म्हणाले.

सगळे वळले. "म्हणजे?" भाऊजी म्हणाले.

"म्हणजे ही झोपत नाही. सकाळपासून मोटर बंद आहे, बघा काय चाललंय."

"वहिनी, पोराला झोपवायला माणसं पाळणा घेतात. दोन माणसांना न उचलवणारं यंत्र नाही ठेवत."

"तुम्ही झोपवून दाखवा मग." मी ढबूला त्यांच्या हातात दिलं. तिनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी एक मजला वर नेला.

"ताई, घे गं हिला!"

"मी नाही बाई. मला फक्त तेल घालता येतं."

"एक मिनिट लावून बघ ना, ताई," मी म्हणाले. "इथेच. दारातच."

ताईनं खांदे उडवले, वायर ओढली, बटण दाबलं. दोराने करकचून बांधलेल्या आत्याबाई उंबऱ्यावर उभ्या उभ्याच पुटपुटायला लागल्या. ढबूचा हुंदका अर्ध्यावर थांबला. तिनं आवाजाच्या दिशेनं मान फिरवली, अंगठा तोंडात घातला आणि विमा कंपनीच्या छातीवर डोकं टेकवलं.

"च्यायला," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडे असं एक पाहिजे होतं."

पण मी ढबूकडे बघत नव्हते. मास्तरांचे खांदे, जे सकाळपासून कानांपर्यंत वर गेले होते, ते खाली आले. आजोबा आणि नात, दोघंही एकाच सुरावर शांत झाले होते. फक्त एकाच्या तोंडात अंगठा नव्हता.

"छान," भाऊजी कुजबुजत म्हणाले, कारण आता ढबू डुलकी घेत होती. "आता दोन यंत्रं, एक खोली. आणि होऊन जाईल शेठना काय सांगणार? व्यवहार ठरलाय."

मी फोन लावला. स्पीकरवर नाही, कानाला.

"शेठ, एक अडचण आहे. बिनआवाजाची मोटर नको होती."

"म्हणजे मास्तरांनी शेवटी सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं?"

"अहो, गाडी भरायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन होता. विचारत होते, आवाजाची बसवता येईल का. म्हटलं होऊन जाईल, लगेच बदलतो. तर म्हणाले, नको. सुनेनं बाळाच्या झोपेसाठी मागवलीये, हौसेनं मागवलीये, तिचा शब्द फिरवू नका. मी घेईन जमवून. आणि वर मला म्हणाले, हे तिला बोलू नका."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते कान देऊन बसले होते. माझ्या गप्प बसण्यातूनच त्यांना सगळं ऐकू गेलं असावं. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. मला माझ्या वहीतले सतरा प्रश्न आठवले आणि त्यातला एकही आठवावासा वाटेना.

"काय झालं गं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. ते म्हणतायत, होऊन जाईल. पण कसं, ते आपणच सांगायचं."

ताई खाली वाकून दोन्ही टेबलांच्या पोटाशी बघत होती. यंत्र म्हटलं की तिला माणसांचं भान राहत नाही, हे त्या दिवशी बरंच झालं. "अगं, सोपं आहे की! मोटर काय, चार बोल्टांवर लटकलेली असते. आत्याबाईंची काढून नव्याला लावते. पट्टा लांब पडेल, तो कापून घेईन. आत्याबाईंचं धड आणि ही मुकी मोटर त्यांना परत. त्यांचा फायदाच आहे."

"आत्याबाईंचं धड गेलं, आवाज राहिला," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबायांचं तेच होतं," भाऊजी म्हणाले, आणि या वेळी सासूबाईही हसल्या.

सासरे उठले, भिंतीच्या कडेनं चालत उंबऱ्यापाशी गेले आणि आत्याबाईंच्या हातावरून एकदा तळवा फिरवला. बोल्ट सोडवताना ताईला बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं; ढबू माझ्याकडे देऊन भाऊजी खाली बसले. थोड्या वेळानं ताई पाना आणायला गेली. तेव्हा ते बॅटरी तशीच धरून हळूच म्हणाले, "वहिनी, हे बाळासाठीच ना?"

"का?"

"मागच्या महिन्यात बाबा रस्त्यात माझ्या बाजूनं गेले. एवढ्या अंतरावरून. मी हाक मारली तेव्हा थांबले, आणि मग उगाच म्हणाले, अरे, विचारात होतो." त्यांनी बॅटरीचा झोत बोल्टवरून हलू दिला नाही. "कारखाना भाड्यानं द्या म्हणतो ते मला पैसे हवेत म्हणून नाही हो. मला रोज ऑफिसात बोटं गेलेल्या माणसांचे अर्ज येतात."

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? ताई त्यांना मशीनला हात लावू देणार नाही. आई रडेल."

आई दोन वर्षं न रडता थेंबांवर स्वतःचं नाव लिहीत होत्या. एका घरात तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून जपत होती, आणि चौथी मी, जिला अख्ख्या गल्लीत काळजीखोर म्हणतात, ती शांतता विकत घेत होते. "आईंना विचारा एकदा," मी म्हणाले. "पण दार लावून."

चारच्या सुमारास गाडी गेली. नव्या मशीनखाली जुनी मोटर पुटपुटायला लागली. आवाज थोडा बदलला होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. सासऱ्यांनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकला. मग पाय टेकवला, सूर लागू दिला आणि दाबला. दुपदरी, चौपदरी, पुन्हा दुपदरी. शिवण सरळ आली.

"सूनबाई," ते मान न वळवता म्हणाले, "बाळ झोपलं का?"

"झोपलं, बाबा."

"बरं झालं. तिच्यासाठीच राहू दिली."

"हो ना. तिच्यासाठीच."

पण मी तिथे सोडणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखाना उघडायच्या आधी, मी चहा घेऊन गेले आणि म्हणाले, "बाबा, बाळ अजून झोपलंय. आता आपण दोघं खरं बोलू." ते चिडले, मग कप दोन्ही हातांनी धरून बसले. तीन गोष्टी मी पदरात पाडून घेतल्या. सुईपुढे तारेची जाळी. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आणि ताईला त्यांनी स्वतः सांगायचं. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीला चार दिवस लागले.

सांगितलं त्या दिवशी ताई कुणाशीच बोलली नाही. शिवण वाकडी आली म्हणून तिनं महिनोन्महिने त्यांना टोमणे मारले होते, "लक्ष कुठे असतं तुमचं?" हे तिचं पेटंट वाक्य होतं. संध्याकाळी ती हातोडी घेऊन आली आणि टेबलाच्या उजव्या कडेला, सुईपासून बरोबर एक वीत अंतरावर, एक खिळा ठोकला. त्यावर कात्री टांगली. मग बापाचा हात धरून तो खिळ्यावर नेऊन ठेवला. "इथे," म्हणाली. "ही आता मेली तरी हलायची नाही."

हे लिहितेय तेव्हा दुपार आहे. ढबू माझ्या डाव्या हातावर झोपलीये. हात केव्हाच बधिर झालाय, पण हलवला तर ती उठेल. सासूबाई औषधाच्या दुकानात गेल्यात, ताई माल पोचवायला. खाली मोटर पुटपुटतेय, इतका वेळ तिच्यावर टाक्यांची टकटकही येत होती. ती टकटक थांबलीये. बॉबिन बदलायला त्यांना किती वेळ लागतो ते मला पाठ आहे: मी एक परिच्छेद लिहिते तेवढा. आता दोन होत आले. मोटर चालू आहे आणि टाके पडत नाहीत.

काही नसेल. दोरा ओवत असतील. वाट बघत बसले असतील, कुणी येईल म्हणून.

तुम्ही इथवर माझ्याबरोबर बसून ऐकलंत, तर एवढं एक करा. जिना उतरून जरा बघून या. उंबऱ्याला ठेच लागेल, सांभाळून. टेबलाच्या बाजूनं जाऊ नका, समोरून जा; बाजूनं आलेलं माणूस त्यांना दिसत नाही. कात्रीला हात लावू नका. आणि आत जाताना पाय जरा वाजवत जा.